मिस्टरांच्या नारळावरचं स्टिकर

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही. मोंतेरासोहून आमच्या कोचला सत्काराचं जे पत्र आलं, ते मोंतेरासोहून आलेलंच नव्हतं. ते मी लिहिलं. घरामागच्या शेडमध्ये बसून, दोन सायकलींच्या ट्यूब बदलता बदलता, हसत हसत लिहिलं.

आता रीतसर.

मी, ऋषभ शैलेंद्र टिळेकर, वय बावीस, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार बेस्ट, आइंडहोवनच्या शेजारी, नेदरलँड्स. डोकं शाबूत आहे, उजवा गुडघा नाही. कोणी धमकावलेलं नाही, काही प्यालेलो नाही. हे सगळं माझ्याच अक्षरात आहे. अक्षर असंच आहे, सातवीपर्यंत पुण्यात बाईंनीही हात टेकले होते.

कारण असं की उद्या सकाळी गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन आहे. मला काही वाटत नव्हतं. पण काल हॉस्पिटलातून फॉर्म भरायला फोन आला. नर्स म्हणाली, "हृदय थांबलं तर परत सुरू करायचा प्रयत्न करू का?" आइस्क्रीमवर क्रीम घालू का विचारावं तसं. आई म्हणते, इथे सगळ्यांनाच विचारतात, घाबरू नकोस. मी नर्सला म्हणालो, हो, करा की! आणि फोन ठेवल्यावर पहिलं डोक्यात काय आलं, तर नारळ. मी गेलो तर त्या नारळाचं कोण बघणार?

इथे नोटरीशिवाय मृत्युपत्र होत नाही असं अथर्व सांगतो. पण कपडे, सामान कुणाला द्यायचं ते स्वतः हाताने लिहून खाली तारीख आणि सही केली तर चालतं म्हणे. आजोबांच्या मृत्युपत्राचा फोटो बाबांच्या फोनमध्ये आहे, त्यावरून वाक्यं उचललीत. मराठीत लिहितोय, कारण क्लबातल्या कुणाला हे वाचता येता कामा नये. पाकीट माझ्या बहिणीच्या, संहिताच्या नावावर आहे. संहिता, तू मराठीत उत्तर देत नाहीस, पण वाचता येतं तुला, हळूहळू. रविवारच्या मराठी शाळेत तू रडत असलीस तरी आईने तुला पाठवलं, त्याचा आज उपयोग. सावकाश वाच.

कलम एक. माझी स्थावर मालमत्ता काही नाही. शेडचा डावा अर्धा भाग माझा असं मी समजतो, पण शेड बाबांची.

कलम दोन. माझी सायकल बाबांना. अट एकच, ऑफिसला त्याच सायकलीने जायचं. तीन किलोमीटरला गाडी काढणारा अख्ख्या बेस्टमध्ये एकच इंजिनियर आहे आणि तो आमच्या घरात राहतो. बँकेतलं जे काही आहे ते या कागदाने देता येत नाही, ते आपोआप आईबाबांकडे जाईल. त्यातून त्यांनी संहिताला ड्रायव्हिंग शिकवावं.

कलम तीन. अथर्व हा माझा जिवलग मित्र आहे. पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून त्याला काहीही नाही. हे त्याला सही झाल्यावर सांगायचं.

कलम चार. माझी हत्यारं, म्हणजे सगळे पाने, स्पोकची चावी, चेन तोडायचं यंत्र, ज्या कापडी गुंडाळीत आहेत त्या गुंडाळीसकट मिस्टरांना. घट्ट गुंडाळलं की बॅगेत बसतं. बॅगेत न बसणारी वस्तू मिस्टर ठेवतच नाहीत.

मिस्टर म्हणजे ओरेस्ते ब्रांकाती, वय अठ्ठेचाळीस, आमच्या क्लबाच्या चौथ्या टीमचे कोच. सकाळी पार्सलच्या गोडाऊनमध्ये काम करतात, संध्याकाळी आम्हाला शिकवतात. इटलीत खेळाडू कोचला मिस्टर म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. डचमध्ये मी त्यांना सरळ अरेतुरे करतो, सगळेच करतात. मराठीत लिहायला बसलो आणि आपोआप 'ते' झालं. बरं वाटलं. उशिरा सुचलं एवढंच.

कलम पाच. निळ्या कव्हरची वही. हीसुद्धा मिस्टरांना, पण ती पाकिटात घालून, हातात, कोणी नसताना. तिच्यात त्यांचं सगळं करियर आहे. ते पत्र खरं वाटावं म्हणून मी दोन दिवस नेटवर बसून जमवलं. शाळेत एवढा अभ्यास केला असता तर बाबांची काळजी मिटली असती.

सतरा वर्षं, तेरा क्लब, एकसष्ट गोल. जागा फॉरवर्डची. इटलीच्या तिसऱ्या श्रेणीत बहुतेक काळ, दुसरीत अधूनमधून. सहा वेळा तर एका क्लबाने दुसऱ्याला उसने दिले, शेजारणीला मिक्सर द्यावा तसे. पहिल्या श्रेणीत अख्ख्या आयुष्यात एक मॅच. शेवटची अकरा मिनिटं. त्यात एक बॉल पोस्टला लागला. मी व्हिडिओ शोधला, मिळाला नाही. मग माल्टा, बेल्जियम, मग इथल्या दुसऱ्या श्रेणीतला एक क्लब, तीन गोल, आणि गुडघा गेला. तोवर बेस्टमधल्या एका बाईंशी लग्न झालं होतं, म्हणून इथेच राहिले. लग्न टिकलं नाही, बेस्ट टिकलं.

या सगळ्यात एकच वर्ष सोन्याचं. मोंतेरासो, डोंगरातलं छोटं गाव. तिथे चौदा गोल मारले, क्लब वरच्या श्रेणीत गेला, लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन चौकातून फिरवलं. पुढच्याच उन्हाळ्यात क्लबाने त्यांना विकलं. ते तेव्हा दुकानात फ्रिज बघत होते. फोन आला, उद्या दुसऱ्या गावी हजर व्हा. मिस्टर ही गोष्ट हसत सांगतात. म्हणतात, "फ्रिज चांगला होता. पांढरा."

आणि दरवेळी नव्या पोरांना सांगतात, "कुठल्याही क्लबात गेलास की आधी कपडे धुणाऱ्याशी दोस्ती कर. कोच बदलतो, मालक बदलतो, धोबी राहतो." मोंतेरासोच्या धोब्याचं नाव पेप्पिनो होतं. तेसुद्धा वहीत आहे.

कलम सहा. जुना राग. हा कुणाला देता येत नाही, म्हणून इथेच संपवतो.

गेल्या जानेवारीत मी टीमच्या सगळ्या बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या. बावीस बूट, एकच माळ. मॅच सात मिनिटं उशिरा सुरू झाली. मिस्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "ज्याला टीम म्हणजे गंमत वाटते, त्याने बाकावर बसून गंमत बघावी." आणि पूर्ण मॅच बसवलं. बरोबरच होतं. पण त्याच दिवशी, दहा वर्षांत पहिल्यांदा, बाबा मॅच बघायला आले होते. गाडीत बसल्यावर बाबा खूप हळू आवाजात म्हणाले, "तू नक्की टीममध्ये आहेस ना रे?"

मला ते लागलं. म्हटलं, मिस्टरांना दाखवतो.

आई इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. सत्काराची पत्रं तीच लिहिते, घरच्या कॉम्प्युटरवर सगळी पडलेली असतात. एक उचललं. 'आपल्या कार्याचा यथोचित गौरव करण्याचा योग आम्हास लाभत आहे, शाल, श्रीफळ व मानचिन्ह देऊन' वगैरे वगैरे. मंडळाच्या जागी मोंतेरासोच्या जुन्या समर्थकांची समिती टाकली, त्या विजयाला पंचवीस वर्षं झाली असं टाकलं, मार्चमधला एक रविवार टाकला आणि मशीनकडून इटालियन करून घेतलं. नवा इमेल काढून पाठवून दिलं. शाल आणि श्रीफळ काढायचं मला सुचलंच नाही. सत्कार म्हणजे शाल आणि नारळ, एवढंच मी जन्मभर पाहिलंय. इटलीत नारळ कोण देतं, हा विचार पाठवल्यावर तीन दिवसांनी आला.

खरं सांगतो, मला वाटलं दोन मिनिटांत पकडतील. गुरुवारी ट्रेनिंगला येऊन शिव्या देतील, मी दात काढीन, फिट्टंफाट.

गुरुवारी मिस्टर पत्राची प्रिंट प्लॅस्टिकमध्ये घालून घेऊन आले. लायब्ररीत जाऊन काढली होती, त्यांचा इमेल तिथेच उघडतो. कँटीनमध्ये उभे राहून त्यांनी ते आधी इटालियनमध्ये आणि मग डचमध्ये वाचलं. कँटीन चालवणाऱ्या त्रूसबाईंनी हातातलं फडकं ठेवून दिलं.

"नारळ?" आमचा कॅप्टन सांडर म्हणाला.

"ते मलाही कळलं नाही," मिस्टर म्हणाले. "मोंतेरासोचे लोक पहिल्यापासून थोडे विचित्र."

सगळे हसले. मग मिस्टर म्हणाले, "तेरा क्लब. आजपर्यंत एकानेही परत बोलावलं नव्हतं." आणि ते प्लॅस्टिक नीट पुसून बॅगेत ठेवलं.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. त्रूसबाई त्यांच्या गालांचे तीन मुके घेत होत्या, त्यांचं होऊ दे म्हटलं. मग सांडरने वर्गणी काढली. नवीन सूट घेऊ या म्हणाला. मीसुद्धा दिली. संहिता, मीसुद्धा दिली.

कलम सात. माझ्या फोनमध्ये त्या खोट्या इमेलच्या ड्राफ्टमध्ये एक पत्र आहे. 'अपरिहार्य कारणाने कार्यक्रम रद्द.' सहा वेळा लिहिलं, एकदाही पाठवलं नाही. फोन तुला. पासवर्ड तुझ्या वाढदिवसाची तारीख, उलटी. ते पत्र आणि तो इमेल पुसून टाक, मग फोन वापर.

कलम आठ. माझ्या खिशातल्या पाकिटात, ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे, एक गोल नारिंगी स्टिकर आहे. ही माझी सगळ्यात महत्त्वाची जंगम मालमत्ता. हे तुला. जाळून टाकायचं.

मिस्टर मोंतेरासोहून सोमवारी परत आले. मंगळवारी कँटीनमध्ये झाडून सगळे जमले होते. मी मागच्या दाराजवळ उभा, पळता यावं म्हणून. म्हटलं, आता हे येणार आणि सांगणार की तिथे काळं कुत्रंही नव्हतं. आणि मिस्टर आत आले ते नव्या सुटात, खांद्यावर जाड लोकरीची शाल, एका हातात छोटासा कप, दुसऱ्या हातात नारळ.

संहिता, मी पळायचंच विसरलो. मी पत्रात जे जे लिहिलं होतं, ते सगळं घेऊन ते उभे होते.

"दोनशे माणसं होती," मिस्टर म्हणाले. "मेयर आला होता. पेप्पिनो रडला. त्याने मला जुनी नऊ नंबरची जर्सी दाखवली, अजून धुऊन ठेवलीय म्हणाला."

"आणि नारळ?" सांडर.

"जुनी प्रथा आहे त्यांची."

नारळ टेबलावर ठेवला, सगळ्यांनी हात लावून बघितला. माझ्यापर्यंत आला. खालच्या बाजूला नारिंगी स्टिकर. स्टेशनजवळच्या तुर्की भाजीवाल्याचं. आई तिथूनच नारळ आणते, स्टिकर मी झोपेतही ओळखीन. म्हणजे मिस्टर मोंतेरासोला जाऊन आले, तिथे कोणी नव्हतं, आणि आम्हाला तोंड दाखवण्याआधी बेस्टच्या दुकानात जाऊन त्यांनी स्वतःसाठी नारळ विकत घेतला.

सांडरने हात पुढे केला, "दे, परत बघू." मी नखाने स्टिकर काढून मुठीत घेतलं आणि मग नारळ दिला.

आयुष्यात मी एवढं एक काम न हसता केलंय.

कलम नऊ. किरकोळ. त्रूसबाईंच्या सूपमध्ये प्लॅस्टिकचा कोळी मी टाकला होता, माफी मागतो. बाबांच्या फोनची भाषा तीन वेळा मीच बदलली. शेजारच्या विनयकाकांनी बाबांना विचारलं होतं, "इंजिनियरचा मुलगा आणि पंक्चर काढतो?" काका, तुमच्या पुढच्या चाकाला दर पंधरा दिवसांनी पंक्चर का व्हायचं, ते आता विचारू नका. होणार नाही. तुम्हीही साक्षीदार आहात, त्यामुळे तुम्हालाही काही नाही.

कलम दहा. हे लिहायला सगळ्यात जड.

आईच्या कानावर आलं की इटलीत मिस्टरांना शाल, श्रीफळ मिळालं. तिला कोण आनंद! "बघा, शेवटी आपलीच पद्धत! तिकडचे लोक सत्कार करतात आणि दहा वर्षं पोराला शिकवणाऱ्या माणसाला आम्ही साधा चहा पाजलेला नाही." मी म्हणालो, "आई, नको, त्यांना गर्दी आवडत नाही." ती म्हणाली, "तू गप्प बस, तू त्यांना एवढी वर्षं छळलंयस."

या महिन्याच्या एक तारखेला मंडळाचं दिवाळी संमेलन झालं. तुला आठवतं, तूच स्टेजवर होतीस. आईने मानपत्र मराठीत वाचलं, तू डचमध्ये सांगितलंस. आईने नवीन कशाला लिहायचं म्हणून जुनंच पत्र काढलं होतं. 'आपल्या कार्याचा यथोचित गौरव करण्याचा योग.' एकूण एक वाक्य तेच. मिस्टर हात बांधून, मान तिरकी करून तुझं डच ऐकत होते. दुसऱ्या वाक्याला त्यांनी मान सरळ केली. मग बाबांनी शाल पांघरली. आईने नारळ हातात दिला. मग मानचिन्ह. त्याच क्रमाने.

मिस्टरांनी नारळाकडे पाहिलं. मग समोर शोधलं. मी तिसऱ्या रांगेत कडेला, गुडघा लांब करून बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की त्यांना कळलं. तीनशे माणसं टाळ्या वाजवत होती. मीसुद्धा वाजवत होतो, हात थांबवायचे कसे तेच कळेना.

नंतर बाहेर पार्किंगमध्ये मिस्टर माझ्याजवळ आले. शाल अंगावरच होती. मला वाटलं, आता एक कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"ग्राउंडला कुलूप होतं," मिस्टर म्हणाले. "फाटकावर सर्कसचं पोस्टर. मी सूट घालून तीन तास उभा होतो. पेप्पिनोच्या घरी गेलो, तो चार वर्षांपूर्वीच गेला."

मी तोंड उघडलं.

"सॉरी नंतर. आधी गुडघा." मग त्यांनी तो नारळ वर केला, फिरवून चारी बाजूंनी बघितला. "पहिला मी विकत आणला होता, रिशाब. हा नाही." त्यांना माझं नाव धड घेता येत नाही. "तुझ्या आईला काही माहीत नाही ना?"

"नाही."

"मग तिला कळता कामा नये. त्रूसलाही नाही. सांडरलाही नाही. कुणाला सांगू नकोस." हे मी त्यांना म्हणायला पाहिजे होतं. ते मला म्हणत होते. विनंती करत होते.

त्यानंतर अडीच आठवडे झाले. रोज फोन करतात, गुडघा वाकवतोस का, बर्फ लावतोस का. उद्या हॉस्पिटलातही येणार आहेत, त्यांचा स्वतःचा गुडघा तीनदा उघडलाय, म्हणाले रस्ता पाठ आहे. सॉरी अजून म्हणायचं राहिलंय. म्हणून इथे लिहितो: मिस्टर, मला लाज वाटते. गंमत करायची होती. तुम्हाला बाकावर बसवायचं होतं, एक दिवस. तुम्हाला तीन तास कुलपासमोर उभं करायचं नव्हतं. संहिता, वही देताना हे वाक्य त्यांना डचमध्ये सांग. स्टेजवर सांगितलंस तसं नको, साधं सांग.

कलम अकरा, आणि खरं म्हणजे या एका कलमासाठी बाकीची दहा लिहिली. जानेवारीत क्लबाला पन्नास वर्षं होतात. सांडर पुस्तिका काढतोय. त्यात एक पान मिस्टरांचं, मोंतेरासोच्या सत्काराचं. तो तिथल्या क्लबाला पत्र लिहून फोटो मागवणार होता. मी म्हणालो, थांब, मी मागवतो, मला त्यांचा पत्ता माहितीय. सप्टेंबरपासून त्याला थापा मारून थांबवलंय. मी नसलो तर तो स्वतः लिहील, तिकडून उत्तर येईल की असा कार्यक्रम झालाच नाही, आणि ते उत्तर तो कँटीनमध्ये मोठ्याने वाचेल, त्याच टेबलाशी. मिस्टर त्या दिवशी बॅग भरतील आणि आधीच्या तेरा क्लबांसारखा हा चौदावाही सोडून निघून जातील. त्यांना निघायची सवय आहे. आम्हाला त्यांच्याशिवाय राहायची नाही.

म्हणून माझ्या मागे सगळं बघायला मी माझी बहीण संहिता हिला नेमतो. काम एकच. दिवाळीच्या कार्यक्रमात तू काढलेला फोटो सांडरला दे. मिस्टर मधोमध, शाल, नारळ, मानचिन्ह. खाली नुसतं लिहायचं, 'ओरेस्ते ब्रांकाती यांचा सत्कार'. गावाचं नाव घालायचं नाही. ते खोटं होत नाही. सत्कार झालाय. मी होतो तिथे.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. याआधी काही लिहून ठेवलेलं नाही. उद्या जागा झालो तर हे मीच फाडीन आणि पहिलं सॉरी म्हणीन.

सही: ऋषभ शैलेंद्र टिळेकर
ठिकाण: बेस्ट, घरामागची शेड, डावी बाजू
तारीख: १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार, दुपारी चार

साक्षीदार (दोघांनी मला सही करताना पाहिलं, वरचा मजकूर वर्तमानपत्राने झाकला होता):

१. अथर्व कुलथे. सही करून म्हणाला, "मला काय मिळणार?" सांगितलं. गेला रागावून, येईल परत.

२. विनय दामले. म्हणाले, "परत काही उद्योग नाही ना रे?" मी म्हणालो, "नाही काका, उद्या ऑपरेशन आहे." तर डोक्यावर हात ठेवून गेले. पंक्चरचं मनापासून सॉरी, काका.

संहिता, आता हात जोडतो. आईला सांगू नकोस, ती पुन्हा कधी कुणाला नारळ देऊ शकणार नाही. बाबांना नको. सांडरला, त्रूसबाईंना तर मुळीच नको. माझं नाव वाचवायला म्हणत नाही. माझ्याबद्दल काय सांगायचं ते सांग, बूट, कोळी, पंक्चर, सगळं सांग. फक्त त्या मंगळवारी मिस्टर हातात काय घेऊन आले आणि ते कुठून आणलं होतं, तेवढं नको. दोनशे माणसं होती. मेयर आला होता. पेप्पिनो रडला. कोणी विचारलं तर तूही एवढंच सांग, प्लीज. कुणाला सांगू नकोस.